‘सिव्हिलला न्या’

नाशिकला द्वारकेच्या चौकात दुचाकी घसरून कुणी पडलं की भोवती जमलेल्या गर्दीतून पहिलं वाक्य ऐकू येतं, "सिव्हिलला न्या." सातपूरच्या कारखान्यात प्रेसखाली बोटं सापडली तरी तेच. पेठकडच्या पाड्यावर बाळंतपण अडलं, गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, बुडणारं पोरगं बाहेर काढलं, फवारणीचं औषध कुणी पोटात घेतलं, मेळा स्टँडच्या बाकावर बेशुद्ध म्हातारा सापडला आणि त्याचं नावगाव कुणालाच ठाऊक नाही, तरी तेच. ‘जिल्हा रुग्णालय’ हे कागदावरचं नाव फारसं कुणी उच्चारत नाही. त्र्यंबक रोडवरचं ते आवार नाशिककरांच्या तोंडी सिव्हिल आहे. "सिव्हिलला न्या" म्हणणाऱ्याच्या मनात एक खात्री असते की तिथून कुणाला परत पाठवत नाहीत.

मला ही खात्री या जिल्ह्याची सगळ्यात मोलाची आरोग्यसेवा वाटते. नव्या इमारती, विम्याची कार्डं, वैद्यकीय महाविद्यालय या सगळ्याच्या आनंदात ती हातातून निसटेल, अशी मला भीती वाटते. म्हणून हे लिहिते आहे.

‘सिव्हिल’ हा शब्द इंग्रजी अमलातला. सैन्याची वैद्यकीय व्यवस्था वेगळी आणि नागरी वस्तीची वेगळी. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन हा बहुतेकदा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला अधिकारी असे. गोऱ्या अंमलदारांची प्रकृती, पोलीस, तुरुंगातले कैदी, प्रेतांची तपासणी ही त्याची पहिली कामं. गावची रयत त्यानंतर. नाशिकला तर हा नागरी-लष्करी भेद डोळ्यांसमोरच होता. पलीकडे देवळालीचा कॅम्प, मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे ताटकळलेले गोरे शिपाई. त्यांच्यामुळे देवळालीच्या नावावरून इंग्रजीत वेडाला एक शब्दच पडला. आणि अलीकडच्या बाजूला सिव्हिल.

रयतेला शेवटच्या रांगेतून पुढे आणण्याचा आराखडा ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते सर जोसेफ भोर याच नाशिकला १८७८ साली जन्मले. ही गोष्ट आपल्या शहरात फार कमी लोकांना माहीत असते याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने १९४६ साली जो अहवाल दिला, त्यावर देशाची सरकारी आरोग्यव्यवस्था उभी राहिली. खिशात पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडू नयेत, हे त्याचं पहिलं सूत्र. दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचं रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचं, असं दूरच्या काळासाठी भोर समितीने सुचवलं होतं. आज आपल्याकडे तीस हजार लोकांमागे, आदिवासी भागात वीस हजारांमागे, एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं असा नियम आहे. त्यावर साधारण तीस खाटांची ग्रामीण रुग्णालयं, मग कळवणसारखी उपजिल्हा रुग्णालयं आणि वर सिव्हिल. शिडी भोर समितीचीच आहे. पायऱ्या मात्र फार अरुंद झाल्या. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर होती आणि तालुके १५. मालेगावला स्वतंत्र सामान्य रुग्णालय आहे हे धरूनही सिव्हिलवर केवढं ओझं पडत असेल, याचा अंदाज यावरून करावा.

सरकारी मराठीत जनरल हॉस्पिटलला ‘सामान्य रुग्णालय’ म्हणतात. सामान्य म्हणजे साधं, कमी प्रतीचं, असा त्याचा अर्थ लोक घेतात आणि ‘सुपर स्पेशालिटी’ या शब्दापुढे तो बिचारा वाटतो. पण वैद्यकीय दृष्टीने सामान्य म्हणजे सर्व प्रकारचं. हे किती अवघड असतं ते मी एकदा जवळून पाहिलं.

काही वर्षांपूर्वी माझे वडील सिव्हिलमध्ये अकरा दिवस होते. शेजारच्या खाटेवर सुरगाण्याकडचा एक तरुण होता, रोपणीच्या दिवसांत बांधावर घोणस चावलेला. घाट उतरून चढून त्याला आणेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. सिस्टरने त्याचं थोडं रक्त एका कोरड्या काचेच्या नळीत घेतलं, नळी खाटेशेजारच्या टेबलावर उभी ठेवली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "ताई, नळीला हात लावू नका. वीस मिनिटं नुसतं बघत बसायचं." वीस मिनिटांनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं, गोठलंच नव्हतं. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची शक्ती घालवतं, हे ओळखायला जगभर वापरतात ती हीच साधी चाचणी. मग प्रतिविष. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, पण ते वेळेत आणि पुरेसं द्यावं लागतं. काही जणांना त्याचीच तीव्र ॲलर्जी येते, म्हणून देताना कुणीतरी समोर उभं असावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्याची लघवी बंद झाली. या विषाने मूत्रपिंडं निकामी होतात. रक्तपेढीतून प्लाझ्मा आला, डायलिसिस सुरू झालं, पायाची सूज रक्तवाहिन्या दाबते आहे का ते बघायला सर्जन रोज येऊन गेले. आम्ही घरी निघालो त्या सकाळी त्याच्या पिशवीत पहिल्यांदा थोडी लघवी जमली होती. ती पिशवी बघून त्याची बायको रडली. माझे वडील स्वतः नीट बोलू शकत नव्हते, त्यांनी तिला हातानेच खूण केली, बरा होणार म्हणून.

एका सापाच्या दंशाला फिजिशियन, रक्तपेढी, डायलिसिस, सर्जन आणि रात्रभर जागी असलेली परिचारिका, एवढं सगळं एका छपराखाली लागलं. मण्यार चावली असती तर व्हेंटिलेटर लागला असता. यातलं एकही काम ‘सुपर’ नाही. पण यातली एक कडी गळाली असती तर तो तरुण गेला असता. सामान्य रुग्णालयाचं सामर्थ्य म्हणतात ते हे.

शिवाय कितीतरी कामं अशी आहेत की जी खासगी रुग्णालयं करत नाहीत किंवा करू इच्छित नाहीत. एमएलसी म्हणजे पोलिसांकडे नोंदवावी लागणारी प्रकरणं, शवविच्छेदन, अत्याचार झालेल्या मुलीची तपासणी आणि कोर्टात टिकेल असा अहवाल, नाशिकरोड कारागृहातले कैदी, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, एचआयव्हीची मोफत औषधं, क्षयरोग, सिकलसेल, कुपोषित बालकं, बेवारस रुग्ण. यातून कुणाला नफा होत नाही. पण हे बंद पडलं तर न्यायालयं, पोलीस आणि पेन्शन योजना अडतील.

याला कायद्याचाही आधार आहे. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही, सोय नाही म्हणून परत पाठवलं. शेवटी खासगी रुग्णालयात पदरचे पैसे खर्चून त्याला उपचार घ्यावे लागले. पश्चिम बंग खेत मजूर समितीने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशांची अडचण ही त्यावर सबब होऊ शकत नाही, असं न्यायालयाने १९९६ साली सांगितलं. आपण रस्त्यावर "सिव्हिलला न्या" म्हणतो तेव्हा हाच हक्क बजावत असतो.

यावर हमखास ऐकू येणारा आक्षेप असा: आता प्रत्येकाकडे कार्ड आहे, मग सिव्हिलवर कशाला खर्च करायचा? २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली, आता पाच लाखांपर्यंतचं संरक्षण सांगितलं जातं. हृदयाची शस्त्रक्रिया, कर्करोग, गुडघा यांसाठी या योजनेने हजारो घरं कर्जातून वाचवली, ते मी नाकारत नाही. माझ्या नात्यातच अशी उदाहरणं आहेत. पण योजना पैसे देते ते ठरलेल्या पॅकेजचे, यादीतल्या रुग्णालयाला, दाखल झालेल्या रुग्णासाठी. पेठ किंवा सुरगाण्यात यादीतलं मोठं खासगी रुग्णालय शोधून दाखवा. कार्ड घाट चढून रुग्णाकडे जात नाही. डेंग्यूच्या साथीत अर्ध्या वाडीला ताप आला, तर त्यातल्या बहुतेकांना लागतो तो साधा बाह्यरुग्ण विभाग, तपासणी आणि औषध. त्याचं पॅकेज नसतं. आणि पॅकेजच्या रकमेत परवडत नाही असं वाटलं की खासगी रुग्णालय सभ्यपणे सांगतं, खाट शिल्लक नाही. मग रिक्षावाल्याला लोक काय सांगतात? सिव्हिलला चल.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत झाले. प्राथमिक केंद्रापासून सिव्हिलपर्यंत, आणि आपल्या शालिमारजवळचं हृदय, मूत्रपिंड, कर्करोगाचं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयही त्यात आलं. मला हा निर्णय गेल्या कित्येक वर्षांतला सर्वांत चांगला वाटतो. मात्र मोफत झालं की गर्दी वाढते. गर्दीबरोबर माणसं आणि औषधं वाढली नाहीत, तर मोफत या शब्दाचा अर्थ चिठ्ठी घेऊन बाहेरच्या मेडिकलमध्ये जाणं एवढाच उरतो. औषधखरेदीचं काम २०१७ मध्ये हाफकिन या सरकारी महामंडळाकडे गेलं, त्यातल्या विलंबाच्या तक्रारी वर्षानुवर्षं झाल्या, मग २०२३ मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. दुकानाची पाटी बदलली की माल येतोच असं नाही. माल आला का, हे तालुक्याच्या कपाटात डोकावून बघावं लागतं.

माणसांचं सांगते. शेजारच्या एका जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात माझे मामा होते. रात्री त्या वॉर्डात चाळीसच्या वर रुग्ण आणि एकच सिस्टर. ती धावत होती, अक्षरशः. मामांचं सलाईन संपलं तेव्हा मी तिला हाक मारायला गेले, तर ती एका मरणाऱ्या बाईचा हात धरून बसली होती. मी काही न बोलता परत आले. अशा वेळी लोक सिस्टरवर आवाज चढवतात. मीही कधी चढवला असेन. चाळीस माणसांमागे एकीला ठेवणारा माणूस मात्र मंत्रालयात असतो, त्याच्यापर्यंत आपला आवाज पोचत नाही. सरकारी रुग्णालयातलं उर्मट बोलणं, घाण, वाट बघायला लावणं या तक्रारी खऱ्याच आहेत. त्यातली निम्मी मुळं रिकाम्या पदांत आहेत, असं माझं ठाम मत आहे. उरलेल्या निम्म्यांबद्दल कर्मचाऱ्यांनी आरशात बघावं.

ऑगस्ट २०१७ आठवतो. त्या एका महिन्यात सिव्हिलच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात ५५ बाळं दगावली. इनक्युबेटर १८ होते आणि एकेकात दोन-तीन बाळं ठेवावी लागत होती. बरीच बाळं शेवटच्या अवस्थेत, खासगी दवाखान्यांतून आणली गेली, असं तेव्हा रुग्णालयाकडून सांगण्यात आलं. ते खरं मानलं, तरी प्रश्न संपत नाही, उलट तिथेच सुरू होतो. दीड किलोचं बाळ पाड्यावर जन्मतं, तेव्हा त्याच्या आईच्या रक्तात हिमोग्लोबिन किती होतं हे कुणी नवव्या महिन्यापूर्वी पाहिलं होतं का? तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ हे तिघे एकाच वेळी हजर होते का? सिझेरियनला तिघेही लागतात. एकाची जागा रिकामी असेल तर उरलेले दोघे असूनही रुग्ण ‘रेफर’ होतो, १०८ मध्ये बसतो आणि सावळघाट उतरतो. इनक्युबेटरमधल्या तिसऱ्या बाळाची जागा तिकडे तालुक्यात रिकामी असते. म्हणून सिव्हिलमध्ये नुसत्या खाटा वाढवून सिव्हिल सुधारणार नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीची ग्रामीण रुग्णालयं रात्री चालली, तर सिव्हिल श्वास घेईल.

इमारतींवर आपला जीव जडतो, कारण फीत इमारतीला बांधता येते. देखभालीला बांधता येत नाही. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा सुमारे अर्धा तास विस्कळीत झाला आणि किमान २२ रुग्ण गुदमरून गेले. टाकी नवी होती. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात आगीत दहा नवजात बाळं गेली, नोव्हेंबरमध्ये नगरच्या सिव्हिलच्या अतिदक्षता विभागात आगीने अकरा. तिन्ही ठिकाणी आजाराने नव्हे, तर भिंतीतल्या वायरीने किंवा टाकीच्या जोडाने माणसं मारली. मोठ्या रुग्णालयाला चोवीस तास जागा असलेला इलेक्ट्रिशियन, ऑक्सिजनच्या लाइनची माहिती असलेला तंत्रज्ञ आणि यंत्रं सांभाळणारा बायोमेडिकल इंजिनिअर हे सर्जनइतकेच लागतात. त्यांची पदं मागायला मोर्चा निघालेला मी कधी पाहिला नाही.

आता वैद्यकीय महाविद्यालय. १९९८ पासून आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला आहे, आणि तरीही या शहरात सरकारी एमबीबीएस महाविद्यालय नव्हतं. खासगी शिक्षणसंस्थेचं मात्र १९९० पासून होतं. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात नाशिक आलं. चांगलंच झालं. निवासी डॉक्टर आले की रात्रीचा कॅज्युअल्टी विभाग बदलतो, प्राध्यापक आले की निदान सुधारतं. मात्र महाविद्यालय जोडलं म्हणजे रोग गेला, असं समजू नये. नांदेडचं सरकारी रुग्णालय महाविद्यालयाचंच आहे. तिथे २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण गेले, त्यातली १२ नवजात होती.

माझी खरी काळजी वेगळी आहे. चंद्रपूर, गोंदिया, अलिबाग इथे जिल्हा रुग्णालयं महाविद्यालयांना जोडली गेली. दोन खाती, दोन मालक. २०२३ चा मोफत उपचारांचा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं त्यात नव्हती. मग महाविद्यालयाच्या वॉर्डात झोपलेल्या सुरगाण्याच्या माणसाला शुल्क लागणार की नाही? दिव्यांग प्रमाणपत्र, शवविच्छेदन, तालुक्यांवरची देखरेख जिल्हा शल्यचिकित्सक करणार की अधिष्ठाता? नाशिकच्या बाबतीत याची उत्तरं लेखी, शासन निर्णयात हवीत: सिव्हिलच्या आवारातले उपचार, कुणाच्याही ताब्यात असले तरी, मोफतच राहतील. २०२० साली नीती आयोगाने जिल्हा रुग्णालयं खासगी महाविद्यालयांशी जोडण्याचा मसुदा काढला, तेव्हा त्यात ‘बाजारभावाच्या खाटा’ आणि ‘नियंत्रित खाटा’ अशी विभागणी होती. एका वॉर्डात दोन प्रकारच्या खाटा आल्या की कोणती आधी भरायची हे हिशेबनीस ठरवतो. मला ते सिव्हिलमध्ये कधीही नको आहे.

आणि सिंहस्थ. २००३ मध्ये २७ ऑगस्टच्या पर्वणीला काळाराम परिसरातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, त्या दिवसाच्या आठवणी पंचवटीत अजून ताज्या आहेत. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी मोठा निधी, तात्पुरते दवाखाने, बाहेरच्या जिल्ह्यांतून प्रतिनियुक्तीवर डॉक्टर, हे सगळं लागणारच. पण बारा वर्षांनी येणारा हा पैसा तंबूंतच मुरू नये. त्यातून सिव्हिलची रक्तपेढी, जळीत विभाग, ऑक्सिजनची लाइन पक्की करता येते. पेठ आणि त्र्यंबकेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयांत शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टरांची राहण्याची घरं बांधता येतात. घर नसल्यामुळे तालुक्याला तज्ज्ञ टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. महापालिकेची बिटको आणि झाकीर हुसेन रुग्णालयं, जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रं, राज्याचं सिव्हिल, असे तीन मालक एका टेबलाशी बसून कोणत्या रात्री कुठे भूलतज्ज्ञ आहे याचा एक तक्ता करू शकतात. त्याला निधीही लागत नाही.

तो तक्ता रोज संध्याकाळी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत लागावा: आज रात्री कोण आहे, प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत, कोणत्या गटाचं रक्त आहे. नाशिकच्या लोकप्रतिनिधींकडे येत्या प्रत्येक सभेत मी एवढीच मागणी करणार आहे. सुरगाण्याच्या त्या बाईला घाट उतरण्याआधी हे वाचता यायला हवं होतं.